ग्योटिंगन विद्यापीठ: शिकवणं आणि शोधणं एका गावात कसं नांदलं

दगडी_पायरी (धागाकर्ता)

संशोधन करणारं विद्यापीठ ही कल्पना 1810 साली बर्लिनमध्ये जन्मली, असं सरसकट लिहिलं जातं. बर्लिनचा आराखडा मांडणारा विल्हेल्म फॉन हुम्बोल्ट मात्र 1788 मध्ये जर्मनीतल्याच ग्योटिंगन या छोट्या गावी शिकायला गेला होता, आणि बर्लिनच्या नावावर जमा झालेलं बरंच काही त्याआधी पन्नास वर्षं ग्योटिंगनमध्ये सुरू होतं. हा धागा त्यासाठी. माहीतगारांनी भर घालावी.

आधी तारखांचा गोंधळ सोडवू. पुस्तकांत स्थापनेचं वर्ष कधी 1734 तर कधी 1737 दिसतं, आणि दोन्ही बरोबर आहेत. पवित्र रोमन साम्राज्याच्या सम्राटाची सनद 1733 ची, पहिलं व्याख्यान 14 ऑक्टोबर 1734 चं आणि थाटाचं उद्घाटन 17 सप्टेंबर 1737 चं. संस्थापक दुसरा जॉर्ज, म्हणजे इंग्लंडचा राजा आणि त्याच वेळी हॅनोव्हर या जर्मन राज्याचा इलेक्टर (सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा). त्याच्यावरूनच विद्यापीठाचं 'गेओर्गिया आउगुस्टा' हे नाव. प्रत्यक्ष उभारणी केली ती मंत्री गेरलाख आडोल्फ फॉन म्युन्शहाउझेन याने.

त्याच्या हिशोबात कुठेही भाबडेपणा नव्हता. शेजारच्या प्रशियाने 1694 मध्ये हाले इथे विद्यापीठ काढलं होतं आणि हॅनोव्हरची मुलं, अर्थात त्यांचा पैसाही, तिकडे जात होता. म्हणून त्याने सधन, खानदानी विद्यार्थी ओढतील असे विषय आधी भक्कम केले. साम्राज्याचा राज्यकायदा, इतिहास, शिवाय घोडेस्वारी आणि तलवारबाजी. घोड्यांचा तबेला ही विद्यापीठाच्या अगदी सुरुवातीच्या इमारतींपैकी एक.

दोन निर्णय निर्णायक ठरले. पहिला, धर्मशास्त्राच्या फॅकल्टीला (विद्याशाखेला) इतरांच्या लेखनावर देखरेखीचा जो अधिकार जुन्या विद्यापीठांत असे, तो इथे दिलाच नाही. दुसरा, प्राध्यापक नेमायचं काम फॅकल्टीकडे न सोपवता सरकारने स्वतःकडे ठेवलं. जुन्या विद्यापीठांत खुर्ची मुलाकडे नाहीतर जावयाकडे जायची. इथे मंत्री पत्रव्यवहार करून बाहेरची नावाजलेली माणसं आणायचा.

अंशछेद

उत्तम धागा. एका मुद्द्यावर मात्र असहमती नोंदवतो. अठराव्या शतकातल्या ग्योटिंगनला आजच्या अर्थाने संशोधन विद्यापीठ म्हणणं घाईचं आहे. आल्ब्रेख्त फॉन हालर 1736 मध्ये आला. शरीररचनाशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि शस्त्रक्रिया हे तिन्ही विषय त्याच्याकडे होते. वनस्पती उद्यान आणि शवविच्छेदनाची शाळा त्यानेच उभी केली. पण 1751 मध्ये रॉयल सोसायटी ऑफ सायन्सेस (आजची अकादमी) स्थापन झाली तेव्हा तिचा अध्यक्ष म्हणून त्याची भूमिका स्पष्ट होती: विद्यापीठाने शिकवावं, नवं शोधायचं काम अकादमीने करावं. म्हणजे तत्त्वतः दोन्ही कामं वेगळी होती.

खरी युक्ती अशी, की दोन्ही संस्था एकाच गावात होत्या आणि माणसं बहुतांशी तीच. सकाळी वर्ग घेणारा प्राध्यापक काही आठवड्यांनी अकादमीसमोर निबंध वाचायचा. पॅरिस किंवा बर्लिनच्या अकादमीला असं जोडलेलं विद्यापीठ तेव्हा नव्हतं.

समिधा_वाचते

अंशछेद यांच्या मुद्द्यात तिसरी संस्था जोडते, ती म्हणजे ग्रंथालय. ग्योटिंगनचं खरं यंत्र तेच आहे, असं माझं ठाम मत.

सुरुवात झाली ब्युलो घराण्याकडून मिळालेल्या सुमारे 9,000 ग्रंथांवर. क्रिस्टियान गोटलोब हाइने 1763 मध्ये ग्रंथपाल झाला आणि 1812 मध्ये वारला तेव्हाही त्याच पदावर होता. त्याच्या काळात संग्रह साधारण 60,000 वरून 2,00,000 च्या घरात गेला. आकड्यापेक्षा पद्धत महत्त्वाची:

1. खरेदी नियमित चालायची. तेव्हा बहुतेक राजग्रंथालयं कुणाचा संग्रह विकायला निघाला की एकगठ्ठा घेत. हाइनेने चालू वर्षाची नवी पुस्तकं सतत, सगळ्या विषयांत आणि परदेशांतूनही मागवली. राजा लंडनला असल्यामुळे इंग्रजी पुस्तकं येण्याची वाट सोपी होती.

2. आलेलं पुस्तक आधी आवक-नोंदीत, मग लेखकांच्या अकारविल्हे सूचीत, मग विषयवार सूचीत. विषयवार सूचीतली जागा हीच फडताळावरची जागा. त्यामुळे सूची वाचणं म्हणजे घरबसल्या कपाटासमोर उभं राहणंच.

3. नव्या पुस्तकांची परीक्षणं 'ग्योटिंगिशे गेलेर्टे आनझाइगेन' या नियतकालिकात यायची. 1739 पासून सुरू असलेलं हे नियतकालिक आजही निघतं. हाइने स्वतः त्याचा संपादक होता आणि त्याची परीक्षणं हजारोंनी मोजावी लागतात. पुस्तक येतं, प्राध्यापक वाचतो, परीक्षण छापतो, आणि पुढे काय मागवायचं ते त्यातूनच ठरतं. हे चक्र जवळजवळ पन्नास वर्षं एका माणसाने फिरतं ठेवलं.

4. पुस्तकं विद्यार्थ्यांना घरी मिळत. प्राध्यापकाने चिठ्ठीवर सही करून हमी घ्यायची, एवढीच अट. त्या काळी ही फार मोठी सवलत होती, कारण अनेक ठिकाणी ग्रंथालय आठवड्यातून काही तासच उघडायचं.

जुन्या प्रतींचे क्रमांक पाहणाऱ्यांसाठी: सुरुवातीचा 2, 4 किंवा 8 हा आकडा पुस्तकाचा आकार सांगतो (फोलिओ, क्वार्टो, ऑक्टाव्हो), खंड नव्हे. '8' दिसला म्हणून आठवा खंड मागवणारे पुष्कळ असतात.

मोडीवाला

पैशांचं गणित कुणी मांडलं नाही, म्हणून लिहितो. प्राध्यापकाला पगार होता, पण व्याख्यानं दोन प्रकारची असत. सार्वजनिक व्याख्यान फुकट. खासगी व्याख्यानाची फी विद्यार्थी थेट प्राध्यापकाला देई, आणि हे वर्ग बहुधा प्राध्यापकाच्या घरीच भरत. त्यामुळे घर घेताना व्याख्यानाची खोली हवीच. लिश्टेनबर्गचे प्रयोगांसह होणारे भौतिकशास्त्राचे वर्ग भरून वाहत. उपकरणं त्याच्या खर्चाने आलेली होती. 1789 मध्ये विद्यापीठाने तो संग्रह विकत घेतला.

ज्याला पगारच नाही तो 'प्रिव्हाटडोत्सेंट'. शिकवायचा परवाना आहे, पण मिळकत फक्त फीची. हा परवाना म्हणजे हाबिलिटात्सिओन, आणि त्याच्या पायऱ्या अशा: आधी डॉक्टरेट, नंतर दुसरा, अधिक मोठा प्रबंध, मग फॅकल्टीपुढे परीक्षा-व्याख्यान. उमेदवाराने तीन विषय द्यायचे आणि फॅकल्टीने त्यातला एक निवडायचा. उमेदवार बहुधा पहिल्या विषयाची तयारी करून ठेवी, कारण रिवाजाने तोच निवडला जाई. गणिती रीमानच्या बाबतीत त्याचा परीक्षक, थोर गणिती गाउस, याने तिसरा निवडला, भूमितीच्या पायाभूत गृहीतकांचा. 10 जून 1854 चं ते व्याख्यान. श्रोत्यांत गणित न जाणणारे फॅकल्टी सदस्य असल्यामुळे त्यात सूत्रं जवळजवळ नाहीत. आज ते वाचायला अवघड जातं त्याचं मोठं कारण हेच आहे.

अंशछेद

गाउसचं नाव निघालंच आहे तर तारयंत्राबद्दल. 1833 मध्ये गाउस आणि भौतिकशास्त्रज्ञ विल्हेल्म वेबर यांनी वेधशाळा आणि भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा यांच्यामध्ये, चर्चच्या मनोऱ्यावरून, सुमारे एक किलोमीटर तार ओढली. हेतू संदेश विकण्याचा नव्हता. दोघंही पृथ्वीचं चुंबकत्व मोजत होते आणि दोन ठिकाणची निरीक्षणं एकाच क्षणी जुळवायची होती.

रचना अशी: पाठवणाऱ्याकडे मोठी चुंबकपट्टी आणि तिच्यावर सरकणारं तारेचं वेटोळं. वेटोळं हलवलं की तारेत क्षणिक प्रवाह. दिशा उलटवायची सोय वेगळी. घेणाऱ्याकडे टांगलेला चुंबक, त्याला आरसा, आणि समोर दुर्बिणीतून मोजपट्टी वाचायची. डावं-उजवं विचलन हीच अक्षरं. अडचण टांगलेल्या चुंबकाची: तो झुलत राहतो, आणि आधीचं झुलणं थांबण्यापूर्वी पुढचा संकेत आला की वाचन चुकतं. आणखी एक अडचण उघड्यावरच्या तारेची. 1845 मध्ये वीज पडून ती नष्ट झाली.

नदीकाठ

1837 चे 'ग्योटिंगनचे सात' कोण, ते कुणी थोडक्यात सांगाल का? ग्रिम बंधू त्यात होते एवढंच बहुतेकांना ठाऊक असतं.

समिधा_वाचते

नदीकाठ, 1837 मध्ये इंग्लंडच्या गादीवर व्हिक्टोरिया आली. हॅनोव्हरच्या वारसा कायद्यात पुरुष वारस असताना स्त्रीला गादी नव्हती, म्हणून तिथे तिचा काका एर्न्स्ट आउगुस्ट राजा झाला आणि दोन राज्यं वेगळी झाली. आल्याबरोबर त्याने 1833 ची राज्यघटना रद्द केली. प्राध्यापक सरकारी नोकर होते आणि त्यांनी त्या घटनेची शपथ घेतलेली होती. सात जणांनी 18 नोव्हेंबरच्या पत्रात म्हटलं की आमची शपथ अजून बांधील आहे, नवी निष्ठा आम्ही देणार नाही. ते सात: इतिहासकार डालमान आणि गेर्विनुस, कायद्याचा आल्ब्रेख्त, याकोब आणि विल्हेल्म ग्रिम, सेमिटिक भाषांचा एवाल्ड, आणि वरच्या तारयंत्रातला वेबर. विद्यार्थ्यांनी पत्राच्या नकला करून देशभर पसरवल्या. डिसेंबरमध्ये सातही बडतर्फ, आणि डालमान, याकोब ग्रिम व गेर्विनुस यांना तीन दिवसांत राज्य सोडायचा हुकूम.

धागाकर्त्यांनी सरकारी नेमणुकीची चांगली बाजू सांगितली. तिची दुसरी बाजू ही. फॅकल्टीला बाजूला सारून उत्तम माणूस आणू शकणारं सरकार, त्याच वाटेने त्याला काढूही शकतं. या प्रकरणात विद्यापीठ संस्था म्हणून सातांच्या पाठीशी उभं राहिलं नाही. एवाल्ड 1848 मध्ये आणि वेबर 1849 मध्ये परतला. 1866 मध्ये प्रशियाने हॅनोव्हर गिळलं तेव्हा एवाल्डने नव्या राजाची शपथही नाकारली आणि पुन्हा पद गमावलं.

वायुगतिक

आता त्या काळाकडे, जेव्हा अंशछेद यांनी सांगितलेल्या दोन कामांमधली भिंत खरोखर पडली. गणिती फेलिक्स क्लाइन 1886 मध्ये आला. त्याने गणिताची वाचनखोली काढली. मोकळी फडताळं, पुस्तक घरी न्यायचं नाही, त्यामुळे हवं ते नेहमी जागेवर. त्याच्या व्याख्यानांची सहायकाने उतरवलेली स्वच्छ प्रत तिथे ठेवली जाई. सेमिनारमध्ये बोलणाऱ्याने भाषणाचा सारांश स्वतःच्या हाताने वहीत लिहायचा, हा नियम. अशा 29 वह्या (1872 ते 1912) शिल्लक आहेत आणि त्यांची छायाचित्रं जालावर पाहता येतात. सुरुवातीच्या वह्या क्लाइनच्या आधीच्या गावांतल्या आहेत, हे ध्यानात ठेवा.

1898 मध्ये त्याने उद्योगपतींना घेऊन उपयोजित भौतिकशास्त्रासाठी संघ काढला. बायर कंपनीचा ब्योटिंगर त्यात पुढे होता. सरकार खुर्ची देईल, उद्योग उपकरणं देतील, अशी वाटणी. त्यातूनच 1904 मध्ये उपयोजित गणिताचा कार्ल रुंगे आणि हवेच्या प्रवाहाचा अभ्यासक लुडविग प्रांटल आले.

प्रांटलचा पहिला वायुबोगदा (मॉडेलवर हवा सोडून मोजमाप करायचा बोगदा) 1908 चा. छेद 2 मीटर बाय 2 मीटर, हवा बंद वळशातून पुन्हा पंख्याकडे, वेग सेकंदाला साधारण 10 मीटर. बंद वळशामुळे शक्ती वाचते, पण प्रत्येक कोपऱ्यावर प्रवाह विस्कटतो. म्हणून कोपऱ्यांत वळवणारी पाती आणि पुढे जाळ्या लागतात.

इथली सर्वात शिकण्यासारखी गोष्ट गोळ्याच्या रोधाची. पॅरिसला (मनोऱ्यावाल्या) आयफेलने मोजलेला गोळ्याचा रोधांक, म्हणजे हवा किती अडवते याचा आकडा, ग्योटिंगनच्या आकड्याच्या निम्म्याहूनही कमी निघाला. एकाचं मोजमाप चुकलं असणार असं वाटलं. 1914 मध्ये प्रांटलने दाखवलं की दोन्ही बरोबर आहेत. पृष्ठभागाला लागून असलेला हवेचा पातळ थर संथ असेल तर तो लवकर सुटतो, मागे मोठा भोवरा तयार होतो आणि रोध वाढतो. तोच थर खळबळता झाला तर जास्त मागेपर्यंत चिकटून राहतो आणि रोध घटतो. पडताळा साधा होता. गोळ्याच्या पुढच्या भागावर, सर्वात रुंद घेराच्या थोडं आधी, बारीक तारेचं कडं बसवलं. थर मुद्दाम खळबळला आणि अडथळा वाढवूनही रोध कमी झाला. 1904 मध्ये हायडेलबर्गच्या गणित परिषदेत त्याने सीमास्तराची, म्हणजे याच पातळ थराची, कल्पना मांडली होती. तिची इतकी नेटकी परीक्षा दुसरी नाही. मॉडेलवर खरखरीत पट्टी किंवा तार लावायची पद्धत आजही बोगद्यांत चालते, ती यामुळेच.

नदीकाठ

फार छान, वायुगतिक. गणिती एमी नोएथरला तिथे नोकरी नाकारली होती, हे खरं का?

मोडीवाला

परवाना नाकारला, आणि कारण नेमकं समजून घ्यायला हवं. प्रशियाच्या 1908 च्या आदेशाने स्त्रियांना हाबिलिटात्सिओन बंद होतं. तिथला गणिती हिल्बर्ट आणि क्लाइनने तिला 1915 मध्ये बोलावलं आणि अपवादासाठी अर्ज केला. गणित तेव्हा तत्त्वज्ञान फॅकल्टीत, म्हणजे भाषा-इतिहासवाल्यांबरोबर होतं, आणि त्यांच्यातल्या अनेकांचा विरोध होता. मंत्रालयानेही नकार दिला. तोडगा म्हणून व्याख्यानं हिल्बर्टच्या नावाने जाहीर व्हायची आणि शिकवायची नोएथर. सममिती आणि अक्षय्यतेचे नियम जोडणारा तिचा निबंध 1918 चा, म्हणजे परवान्याच्या आधीचा. परवाना 1919 मध्ये मिळाला, जर्मनीत राजेशाही गेल्यावर. तरीही पूर्ण प्राध्यापकपद ग्योटिंगनने तिला कधीच दिलं नाही.

त्याच विद्यापीठाने 1787 मध्ये डोरोथेआ श्ल्योत्सरला, 1874 मध्ये सोफिया कोवालेव्स्काया हिला आणि 1895 मध्ये ग्रेस चिझोमला डॉक्टरेट दिली होती. पदवी देणं आणि वर्गात उभं राहू देणं, यात इतकं अंतर होतं.

अंशछेद

1933 बद्दल लिहायलाच हवं. नाझी सरकारच्या 7 एप्रिलच्या कायद्याने ज्यू सरकारी नोकरांना काढायची तरतूद झाली. पहिल्या महायुद्धात लढलेल्यांना सूट होती, आणि भौतिकशास्त्रज्ञ जेम्स फ्रांक त्यात बसत होता. त्याने ती सूट घेतली नाही. 17 एप्रिलला उघड निषेध करून राजीनामा दिला. विद्यापीठातल्या 42 जणांनी सही करून पत्रक काढलं, पण ते फ्रांकच्या विरोधात. आठवड्याभरात भौतिकशास्त्रज्ञ मॅक्स बॉर्न, गणिती कुरांट आणि नोएथर यांना सक्तीच्या रजेवर पाठवलं. 10 मे रोजी पुस्तकांची होळी. नोव्हेंबरमध्ये ज्यू गणिती लांडाउच्या वर्गावर विद्यार्थ्यांनी बहिष्कार घातला. गणिती हेर्मान वाइल त्याच वर्षी प्रिन्स्टनला गेला.

गणित संस्थेची नवी इमारत रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशातून 1929 च्या शेवटी उघडली होती. चार वर्षांत ती बांधवून घेणारा कुरांटच बाहेर होता. क्वांटम यांत्रिकीची मॅट्रिक्स मांडणी 1925 मध्ये बॉर्न, हायझेनबर्ग आणि योर्डान यांनी याच गावात केली. ती मंडळी जमायला दशकं लागली आणि पांगायला काही महिने पुरले. विद्यापीठ पुढे चालू राहिलं, युद्धानंतर 1945 च्या शरदात जर्मनीत सर्वांत आधी उघडलं, 1948 मध्ये माक्स प्लांक संस्था याच गावात स्थापन झाली. पण गणित-भौतिकशास्त्राचं जगाचं केंद्र तिथे परत आलं नाही. 1837 मध्ये सात तरी उभे राहिले. 1933 मध्ये उघडपणे बोलणारे त्याहून कमी होते, हे या विद्यापीठाचा इतिहास लिहिताना झाकू नये.

दगडी_पायरी

अंशछेद, मनापासून आभार. हा भाग असाच लिहायला हवा होता.

गावात जाणाऱ्यांसाठी: विल्हेल्म्सप्लाट्झवर 1837 ची आउला (समारंभाचं सभागृह) आहे, तिच्यातच विद्यार्थ्यांची जुनी कोठडी. पाउलिनरकिर्श ही मूळ ग्रंथालयाची जागा. गाउसची कबर आल्बानी दफनभूमीत, तर हिल्बर्ट, प्लांक आणि बॉर्न यांच्या नगराच्या मोठ्या दफनभूमीत. लोक दोन्हींची गल्लत करतात आणि चुकीच्या टोकाला जातात.

आपल्याकडच्या संस्कृत अभ्यासाशी असलेल्या संबंधावर कुणी लिहिणार का?

सूत्रपाठी

लिहितो. जर्मन संस्कृत पंडित फ्रान्ट्स कीलहॉर्न 1866 मध्ये पुण्याला डेक्कन कॉलेजात प्राध्यापक म्हणून आला आणि सुमारे पंधरा वर्षं राहिला. ब्यूलरबरोबर त्याने मुंबई संस्कृत मालिका सुरू केली. नागेशभट्टाचा परिभाषेन्दुशेखर हा व्याकरणग्रंथ भाषांतरासह काढला. पतंजलीच्या महाभाष्याची त्याची आवृत्ती 1880 ते 1885 मध्ये तीन खंडांत आली, म्हणजे काम पुण्यात सुरू होऊन ग्योटिंगनमध्ये संपलं. 1882 पासून 1908 मध्ये मृत्यू होईपर्यंत तो ग्योटिंगनला प्राध्यापक होता. पुण्यात त्याच्या जागी रामकृष्ण गोपाळ भांडारकर आले, आणि ग्योटिंगनने 1885 मध्ये भांडारकरांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. पुढे काशिनाथशास्त्री अभ्यंकरांनी कीलहॉर्नच्या महाभाष्याची सुधारित आवृत्ती भांडारकर संस्थेतून काढली.

आजचा उपयोग: ग्योटिंगनच्या ग्रंथालयाने 2001 मध्ये 'ग्रेटिल' हा भारतीय भाषांतल्या ग्रंथांच्या संगणकीय पाठांचा संग्रह सुरू केला. समिधाताईंनी सांगितलेल्या परंपरेचंच हे पुढचं पाऊल. फुकट उतरवून घेता येतो. वापरताना तीन गोष्टी पाहा.

पाठ रोमन लिप्यंतरात आहेत, आणि शोधताना स्वरांवरच्या रेघा व अक्षरांखालचे टिंब अचूक टंकावे लागतात. साधा 's' टाकलात तर 'श' आणि 'ष' दोन्ही हुकतात. संधी काही पाठांत सोडवलेले आहेत, काहींत नाहीत, म्हणून पूर्ण शब्दाऐवजी शब्दाचा मधला, संधीत न बदलणारा तुकडा शोधा. आणि प्रत्येक पाठाच्या माथ्यावर कोणत्या छापील आवृत्तीवरून तो घेतला ते दिलेलं असतं. ते न वाचता उद्धृत करू नका.

महाभाष्याच्या पाठात 'KA' अशी रोमन खूण दिसेल: कीलहॉर्न-अभ्यंकर. तिच्यापुढचे आकडे म्हणजे खंड, पान, ओळ. 'अथ शब्दानुशासनम्' हे खंड 1, पान 1, ओळ 1. नवखे लोक हाच आकडा पाणिनीचं सूत्र 1.1.1, म्हणजे 'वृद्धिरादैच्', समजतात आणि संदर्भ भलतीकडे जातो. सूत्राचा क्रमांक वेगळ्या खुणेने, 'P' अक्षरापुढे दिलेला असतो. दोन्ही लिहा. नुसत्या सूत्रक्रमांकावरून महाभाष्यातली ओळ सापडत नाही, कारण एकेका सूत्रावरचं भाष्य कित्येक पानं चालतं.